पाठीवरचं अक्षर

चौथ्या पानावर, अगदी खालच्या कोपऱ्यात, मी छापून आले होते. नाव नव्हतं. 'माझी पत्नी' एवढंच. शनिवारचे साडेअकरा वाजले होते, मांडीवर सुपात अवरेकाईच्या, म्हणजे इकडच्या वालाच्या, शेंगा होत्या, बोटांना त्यांचा तो चिकट हिरवा वास लागला होता, आणि पोस्टमनने जिन्यातून सरकवलेलं पाकीट मी फोडलं ते केवळ त्यात रविवारच्या फेरीची वेळ असते म्हणून. संडे बर्ड ग्रुपचं पत्रक, आठ झेरॉक्स पानं आणि मधे एक पिन. सगळं इंग्रजीत. 'बाबाबुडनगिरीवरील नोंदीबाबत खुलासा' असं शीर्षक आणि खाली चार ओळी. नीलगिरी लाफिंग थ्रश या पक्ष्याचा आवाज त्या दिवशी प्रत्यक्षात माझ्या पत्नीने ऐकला. ती या विषयातली जाणकार नाही. तिच्या सांगण्यावर विश्वास ठेवून मी नोंद केली, याबद्दल दिलगीर आहे. आर. जी. उपासनी. मी त्या चार ओळी तीनदा वाचल्या, आणि तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की हातातली शेंग मी दाण्यांसकट चिरडली आहे. आत कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली. बाहेरच्या खोलीत रत्नाकर स्वयंपाकघराकडे पाठ करून बसला होता, समोर टेबलावर त्याच्या अकरा वह्या रचलेल्या, आणि तो एकेक उघडून फडक्याने पुसत होता. तिसरी शिट्टी झाली तरी ती पाठ हलली नाही. मी उठून गॅस बंद केला.

तोंडाने मी त्याला 'अहो' म्हणते. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, एकदाही चुकले नाही. मनात मात्र राग आला की मी सरळ एकेरीवर येते, आणि अलीकडे मनातलं एकेरी कधी सुटतच नाही. रत्नाकर. माझा नवरा. विमानांच्या इंजिनांच्या कारखान्यात तेवीस वर्षं, त्यातली चौदा टेस्ट बेडवर, म्हणजे जिथे इंजिन जमिनीला जखडून पूर्ण जोराने चालवून बघतात तिथे. कानात बोळे घाला असं लिहिलेली पाटी होती म्हणे. घालणाऱ्याला सगळे हसत. आणि हाच माणूस बंगलोरातल्या सगळ्या पक्षीवाल्यांमध्ये कानांसाठी नावाजलेला! जंगलात डोळे मिटून उभा राहायचा आणि आठ-आठ पक्षी नुसत्या आवाजावरून सांगायचा. तेव्हा ते खरं होतं. मी ते खोटं म्हणणार नाही. संध्याकाळी घरी कॅसेट लावून तो एकेक आवाज दहा-दहा वेळा ऐकायचा आणि मी आत पोळ्या लाटायचे. मला कुणी शिकवलं नाही. पोळपाटावर हात फिरत राहायचा आणि कानात ते आपोआप साठत जायचं. साठलं आहे हे माझं मलाही ठाऊक नव्हतं.

शहाऐंशी साली त्याच्या पक्ष्यांच्या पुस्तकात खूण म्हणून घातलेला एक कागद मला सापडला. डॉक्टरचा कागद. दोन कानांच्या दोन रेघा, अर्ध्यापर्यंत सपाट आणि मग घाट उतरावा तशा धाडकन खाली आलेल्या. बारीक, उंच आवाज गेले होते. माणसांचं बोलणं समोर उभं राहून, तोंडाकडे बघून कळत होतं. मागून कुणी बोललं तर नुसता गलका. मी विचारलं, "अहो, कानाला काय झालंय?" तो म्हणाला, "काही नाही, सर्दी आहे." कागद तिथेच होता, माझ्या हातात, आणि हा माणूस सर्दी म्हणतो. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला आज राग येतो, त्याच्या खोटेपणाहून जास्त येतो, कारण पुढच्याच महिन्यात नंदी हिल्सवर मी जे केलं त्याची सुरुवात त्या गप्प बसण्यात होती. डोक्यावरच्या झाडात एवढासा पक्षी गळा फाडून ओरडत होता. पंधरा माणसं ह्याच्या तोंडाकडे बघत उभी होती. आणि ह्याचं तोंड... मी शेजारून पाहिलं. परीक्षेत पाटी कोरी राहिलेल्या पोरासारखं झालं होतं. मला ते बघवलं नाही. मी मागे सरकले आणि स्वेटरवरून त्याच्या पाठीवर बोटाने एक अक्षर लिहिलं.

ती खूण आमची जुनी होती, ह्याचाच मला संताप येतो. पुण्यात सासरी दोन खोल्यांत नऊ माणसं होती, नवराबायकोने एकमेकांशी बोलायची सोय नव्हती. दुपारी सगळे चहाला बसले की मी त्याच्या मागे भिंतीला टेकून बसायचे आणि पाठीवर बोटाने लिहायचे. 'चल'. 'कंटाळा'. एकदा 'आंबट', सासूबाईंच्या आमटीबद्दल, आणि ह्याला चहाचा ठसका लागला होता. ते सगळं बोटात शिल्लक होतं. आणि पक्ष्यांना आम्ही घरात ठेवलेली नावंही होती. क्वार्टर्समध्ये शेजारी शेवडे काकू राहायच्या, त्या हसायला लागल्या की अख्खी लाइन गोळा व्हायची. नीलगिरीत पहिल्यांदा तो लाफिंग थ्रश ऐकला तेव्हा दोघांच्याही तोंडून एकदमच निघालं, शेवडे काकू! तेव्हापासून तो शेवडे काकू. ग्रीनिश लीफ वॉर्बलर नावाचा एक मूठभर पक्षी थंडीत बंगलोरच्या प्रत्येक झाडावर असतो, त्याचं नाव चिल्लर. कड्या-कोयंडे वाजवणारा एक होता तो कुलूप. त्या दिवशी नंदीवर मी 'कु' लिहिलं. रत्नाकरने क्षणभर थांबून, डोळे मिटून, इंग्रजी नाव सांगितलं. लोक वा वा म्हणाले. घरी येताना बसमध्ये तो मला म्हणाला, "पोहे आज जरा कोरडे झाले होते."

बस. एवढंच. त्यानंतर नऊ वर्षं होत आली, ह्या विषयावर आमच्यात एक शब्द झालेला नाही. आभार मला नको होते. आभार परक्यांचे मानतात. पण 'विद्या, मला ऐकू येत नाही' हे पाच शब्द त्याने एकदा म्हणावेत एवढीच माझी अपेक्षा होती. म्हणाला असता तर मी जन्मभर लिहीत राहिले असते, बोट झिजेपर्यंत. त्याऐवजी त्याने काय केलं, तर स्वेटर पातळ घ्यायला सुरुवात केली. मी ते दुकानात, जयनगरला, स्वतः पाहिलं. जाड लोकर हातात घेतली, पाठीला लावून बघितली, परत ठेवली आणि पातळ घेतला. म्हणजे ह्याला सगळं समजत होतं. समजून सवरून हा माझा वापर करत होता आणि वर मला बिनडोक ठरवत होता. आणि ह्या अकरा वह्या! पहिल्या चार त्याच्या. पुढच्या सात, प्रत्येक आवाज, प्रत्येक तारीख, प्रत्येक डोंगर, माझ्या बोटाच्या. अक्षर मात्र त्याचं, सुंदर, तिरकं, निळ्या शाईतलं.

बाबाबुडनगिरीला आम्ही डिसेंबरात गेलो. नऊ माणसं, मल्लाप्पा ड्रायव्हरची मॅटॅडोर गाडी, एका कॉफीच्या मळ्यातलं पाहुण्यांसाठीचं घर. सगळी व्यवस्था प्रदीपकुमारची. हा चिकपेटेत कापडाचं दुकान असलेल्या जुन्या मराठी घरातला मुलगा. खापरपणजोबा साताऱ्याकडून आले होते म्हणतो, आता मराठी बोलतो ते अर्धं कन्नड. मला अक्का म्हणतो. ह्या डोंगरांतले पक्षी दुसरीकडे जगात कुठेही नसतात, आणि इथेसुद्धा एका डोंगरावरचा शेजारच्या डोंगरावर असेलच असं नाही. खाली उतरून दरी ओलांडणं काहींना जमतच नाही. हे सगळं मला तिथे पाऊल टाकायच्या आधी पाठ होतं. शोला म्हणतात त्या ठेंगण्या, ओल्या जंगलातून वाट जात होती. रत्नाकर पुढे होता. प्रदीपकुमार माझ्याजवळून चालत होता, आणि त्याने सहज विचारलं, "अक्का, ते वरती कोण ओरडतंय? चिल्लरच नव्हे?" चिल्लर हे नाव त्याने आमच्याकडूनच उचललेलं. मी म्हटलं, "एक चिल्लर आहे. दुसरा नाही. दुसऱ्याचा सूर शेवटी वर चढतोय, ऐक. तो मोठ्या चोचीचा." तो थांबला. त्याने ऐकलं. आणि माझ्याकडे असं बघितलं की मला एकदम अंगावर नवं लुगडं नेसल्यासारखं वाटलं. "सरी अक्का, बरोबर! दोन आहेत की!" तो ओरडलाच.

रत्नाकरने मागे वळून पाहिलं. प्रदीपकुमारचं तोंड त्याच्या समोर होतं, त्यामुळे त्याला अर्धंमुर्धं कळलं असावं. तो हसला. त्याचं ते चारचौघांतलं मोकळं हसू. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं इंग्रजीत म्हणाला, "हिला काय विचारतोस? हिला कावळा आणि कोकिळा, दोनच पक्षी येतात. ही आपली पोह्यांची इन्चार्ज!" सगळे हसले. मीही हसले. हेच, हेच मला सोसवत नाही. बाकीचे हसले ते हसले, मी का हसले? माझे ओठ माझ्या हुकमाशिवाय फाकले, दात दिसले, मी मानही हलवली वाटतं. प्रदीपकुमार तेवढा हसला नाही. तो खाली बघून वहीत काहीतरी लिहायला लागला. पाठीवरच्या पिशवीत पोह्यांचा डबा होता, त्याचा कोपरा मला चालताना बरगडीत टोचत होता, आणि पुढचा अर्धा तास मला दुसरं काही जाणवलं नाही.

मग आम्ही वर, गवताच्या माथ्यावर आलो. धुकं उठत होतं. खाली शोला, त्याच्या पलीकडे दुसरा डोंगर, आणि आवाज कसला म्हणून नाही. पान हलत नव्हतं. सगळे थांबले, रत्नाकर त्यांच्यापुढे चार पावलं, त्यांच्याकडे तोंड करून, डोळे मिटून, नेहमीसारखा. मी त्याच्या मागे, नेहमीसारखी. आणि त्याची पाठ किंचित मागे आली. जेमतेम बोटभर. ह्या पाठीची मला जेवढी ओळख आहे तेवढी त्याच्या चेहऱ्याची नाही. तो विचारत होता. पोह्यांच्या इन्चार्जला विचारत होता. मी बोट उचललं आणि पातळ स्वेटरवर स्वच्छ लिहिलं, 'शे'.

शेवडे काकू तिथे नसतात. तो पक्षी नीलगिरीकडचा. बाबाबुडनवर तो कुणी ऐकलेला नाही, आणि डोंगरांत चार वेळा गेलेला नवखा माणूसही तो तिथे सांगायला धजणार नाही. रत्नाकरला तर हे माझ्याहून चांगलं ठाऊक. अक्षर संपलं आणि ती पाठ ताठ झाली. मला वाटलं, आता वळेल. आता माझ्या डोळ्यांत बघेल आणि भुवई उडवून विचारेल, काय गं, नक्की? तो वळला असता तर मी मान हलवून नाही म्हटलं असतं. देवाशपथ म्हटलं असतं. मी वाट बघत होते. तो वळला नाही. त्याच्या मनात काय चाललंय ते मला मागूनच कळत होतं: ह्या डोंगरावर पहिल्यांदा, आणि आपल्या नावावर! "नीलगिरी लाफिंग थ्रश," तो डोळे उघडत म्हणाला. प्रदीपकुमार चाचरत म्हणाला, "सर, इथे? मला काही ऐकू आलं नाही." "कान लागतात," रत्नाकर म्हणाला.

आमच्या ग्रुपची एक रीत आहे. दिवस मावळला की सगळे गोल बसतात आणि यादी मोठ्याने वाचली जाते. दिसलेल्या पक्ष्याला नुसती खूण. पण नुसत्याच ऐकलेल्या पक्ष्यापुढे ऐकणाऱ्याचं नाव लिहावंच लागतं, त्याशिवाय नोंद धरत नाहीत. प्रदीपकुमारने वाचलं, "नीलगिरी लाफिंग थ्रश. ऐकला. नाव?" "उपासनी," रत्नाकर म्हणाला. मी त्याच खोलीत, स्टोव्हजवळ, चहा गाळत होते. तोंड उघडायला एवढी जागा होती, एवढा वेळ होता. मी साखर जास्त झाली का ते चाखून बघितलं. खोटं सांगत नाही, मला त्या रात्री मजा वाटली. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी फक्त माझं होतं. पुढे जानेवारीत मुंबईहून, कोइमतूरहून जाणत्या लोकांची पत्रं आली, हे शक्य नाही, आणखी कुणी ऐकलं का, ध्वनिफीत आहे का. रत्नाकर ती पत्रं उशाखाली ठेवायचा. मी मनातून म्हणायचे, आता हा मला विचारेल. त्याने मला विचारलं नाही. त्याने छापलं.

जेवायला बसल्यावर मी ते पत्रक त्याच्या ताटासमोर ठेवलं आणि समोर बसले, तोंड नीट दिसेल अशी. "हे काय आहे?" म्हटलं. तो वरणात भात कालवत राहिला. "अगं, कुणाचंतरी नाव द्यायला लागतं. माझं गेलं तर सगळ्या वह्यांवरच शंका घेतील. उद्या त्या प्रदीपकुमारला द्यायच्या आहेत, पुस्तक करतायत ग्रुपवाले घाटातल्या आवाजांचं. तुला काय फरक पडतो? तुला त्यात कोण ओळखतं?" ह्याच्यात चुकीचं एक अक्षर नव्हतं. मला कोण ओळखतं? मग त्याने घास हातात तसाच धरून माझ्या ओठांकडे बघितलं, आणि अगदी वेगळ्या, बारीक आवाजात विचारलं, "पण तू ऐकलं होतंस ना?" त्याचा अजून विश्वास होता. सगळ्या जगाने नाही म्हटलं, त्याने स्वतः छापून दिलगिरी व्यक्त केली, आणि तरी आतून त्याला खात्री होती की माझं बोट चुकणार नाही. मला त्याची दया आली. ती मला नको होती, मी ती भाताबरोबर गिळली. "ताक वाढू?" म्हटलं.

दुपारभर मी अवरेकाई सोलत बसले. राग शेंगांवर काढता येतो, पण पुरत नाही. खरं बोलायचं तर आधी कबूल करायला हवं की मी मुद्दाम खोटं लिहिलं. आणि एकदा खोटं लिहिणारी म्हटल्यावर त्या सात वह्या माझ्या आहेत ह्यावर कोण विश्वास ठेवणार? न बोलावं, तर त्या उद्या लालबागेतून त्याच्या नावाने जातात, पुस्तक होतात, आणि माझ्यासाठी चौथ्या पानाचा खालचा कोपरा राहतो. जाणकार नाही. तो त्या वह्यांना पुड्या बांधाव्यात तसा दोरा बांधत होता. शेवटची गाठ त्याला जमेना. "विद्या, जरा बोट ठेव गं इथे," त्याने हाक मारली. आणि मी उठून गेले, दोऱ्यावर बोट ठेवलं, त्याने गाठ मारली.

रविवारी सकाळी लालबागेत, काचघराच्या मागच्या बाजूला, बारा-तेरा मंडळी जमली होती. फिरायला येणारे काका लोक दणादण चालत होते, कुणी तोंडाने मोठ्याने श्वास सोडत होतं. वह्यांचा गठ्ठा प्रदीपकुमारच्या काखेत गेलेला होता. कॉलेजातली शिल्पाश्री यादीचा कागद घेऊन उभी होती. कुणी माझ्याकडे नीट बघत नव्हतं. पत्रक सगळ्यांना पोचलेलं दिसत होतं. एका बाईंनी फक्त माझ्या हातातल्या डब्याकडे बघून "आज काय?" म्हणून विचारलं. आंब्याच्या मोठ्या झाडाखाली रत्नाकर थांबला आणि डोळे मिटले. मी त्याच्या मागे होते. मी डबा काखेत दाबून हात स्वेटरच्या खिशात घातले होते आणि मुठी मिटल्या होत्या. वर पानांत चिल्लर बोलला. ची-विट. सगळ्या शहरात मिळेल असा, कुणी ढुंकून बघणार नाही असा पक्षी. सगळे सरांची वाट बघत होते. रत्नाकरची पाठ बोटभर मागे आली. मी हललेच नाही. ती आणखी बोटभर आली, आणि स्वेटरखाली खांद्यांची हाडं वर उचलली गेली, थंडीत उचलावी तशी.

"ग्रीनिश लीफ वॉर्बलर," मी म्हटलं. मोठ्याने. झाडावरचा उडून गेला एवढ्या मोठ्याने. शिल्पाश्रीने दचकून पेन्सिल उचलली, आणि सवयीने विचारलं, "नाव?" "विद्या उपासनी," मी म्हटलं. "व्ही, आय, डी, वाय, ए." तिने प्रदीपकुमारकडे बघितलं. तो हळूच म्हणाला, "लिही." मग मी इंग्रजीत बोलले, सगळ्यांना कळावं म्हणून. माझं इंग्रजी शाळेतलं, वाकडंतिकडं. मी म्हटलं, बाबाबुडनवर मी काहीही ऐकलं नव्हतं. मी खोटं लिहिलं, मुद्दाम, रागाने. आणि ह्या वह्यांतल्या पाचव्यापासून पुढच्या सगळ्या माझ्या आहेत, मी ह्यांच्या पाठीवर बोटाने लिहिलं, कारण ह्यांना ऐकू येत नाही. विश्वास ठेवायचा तर ठेवा. नाहीतर मला दर रविवारी झाडाखाली उभं करा आणि तपासा.

वह्यांचा गठ्ठा प्रदीपकुमारने एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला. सगळ्यांचे डोळे रत्नाकरच्या खांद्यावरून मागे, माझ्यावर होते, आणि ते त्याच्या लक्षात आलं. त्याने डोळे उघडले. एकेका तोंडाकडे बघितलं, पण सगळी तोंडं मिटलेली होती. "काय झालं?" त्याने प्रदीपकुमारला विचारलं. मग, थोडं हसून, "काय म्हणाली ही?" प्रदीपकुमारने जमिनीकडे बघितलं. शिल्पाश्रीने तोंडावर हात घेतला. त्या क्षणी सगळ्यांना कळलं, आणि मी सांगितलेलं एक वाक्य तरी आपोआप खरं ठरलं. त्यालाही ते कळलं असावं, कारण त्याचं हसू ओठांवर तसंच राहिलं आणि हात चाचपत मागे आला, माझं बोट शोधत. मी डबा खाली गवतावर ठेवला. त्याला वळसा घालून पुढे गेले, त्याच्या समोर, तोंड नीट दिसेल अशी उभी राहिले, आणि "अहो, इकडे बघा," म्हणून पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.